शनिवारची दोन कारणं

मास्तर, तुम्हाला जाऊन महिना होतोय आणि तुमच्या शेवटच्या शब्दांच्या दोन आवृत्त्या निघाल्यासुद्धा. रिबकाकाकू म्हणतात, तुम्ही "चष्मा कुठाय?" असं विचारलंत, त्या तो आणायला आत गेल्या आणि परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुमच्या प्रार्थनालयाचे चिटणीस तेव्हा उशाशी बसले होते. ते म्हणतात, चष्म्याबिष्म्याचं काही नाही, मास्तरांनी डोळ्यांवर हात ठेवला आणि 'शमा' ही प्रार्थना स्पष्ट म्हटली. काकूंना प्रार्थना ऐकू आली नाही आणि चिटणिसांना चष्मा. सातव्या दिवशी तुमच्या ओटीवर बसून दोघांचं ऐकताना मला एकदम हसू फुटलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तसा मी पदर तोंडाला लावला, आणि मग रडूही तिथेच आलं.

हसू का आलं ते तुम्हाला सांगायला नको. बारा वर्षं आपण दोघं ह्याच एका गोष्टीवर भांडत होतो.

भांडणाची सुरुवात माझ्या चुकीने झाली, हे मी तुमच्या हयातीत कधी कबूल केलं नाही. आता करते. तुम्ही मला चौथीत शिकवलंत. पुढे आबांची नजर अधू झाली आणि आमच्या छापखान्यातली मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं. लग्नाचं बघायचं राहून गेलं, मी छपाईच्या खिळ्यांच्या पेट्यांमध्येच राहिले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. पनवेलच्या इस्रायल मंडळींचं, म्हणजे तुमच्या ज्यू समाजाचं, सणावारांचं कॅलेंडर दर वर्षी आमच्याकडे छापायला यायचं आणि ते तुम्ही घेऊन यायचात. मग एका वर्षी तुम्ही मुलांसाठी दहा आज्ञांची मराठी पुस्तिका काढलीत. त्या आज्ञा मोशेच्या पुस्तकांत दोनदा आल्या आहेत, म्हणून तुम्ही दोन्ही ठिकाणचा मजकूर दिला होतात.

मी लाल पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या ठिकाणी लिहिलेलं की सातवा दिवस विश्रांतीचा पाळा, कारण देवाने सहा दिवसांत सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणी तीच आज्ञा, पण कारण भलतंच. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, तुम्हाला तिथून सोडवून आणलं, म्हणून स्वतः विसावा घ्या आणि घरच्या गड्यामाणसांनाही घेऊ द्या. मला वाटलं, मास्तर आता थकत चालले, दुसरीकडचा परिच्छेद उतरवताना इथे आला. देवाने आज्ञा एकच दिली तर तिचं कारणही एकच असणार ना? तुम्ही तेव्हा तुमच्या मुलाच्या, शालोमच्या पासपोर्टासाठी मुंबईच्या खेपा घालत होतात. शेवटचं मुद्रित बघायला तुम्हाला वेळ नव्हता. "कुसुम बघेल," असं आबांना सांगून गेलात.

कुसुमने बघितलं. दुसरं कारण काढून तिथे पहिलं घातलं आणि तीनशे प्रती छापून, शिवून, गठ्ठा बांधून ठेवला.

तुमच्या ते लक्षात आलं शनिवारी, प्रार्थनालयात, मुलांच्या हातात पुस्तिका दिल्यावर. शनिवार म्हणजे तुम्हाला पेन हातात धरता येत नाही. तुमच्या आजोबांचा तेलाचा घाणाही शनिवारी बंद असायचा आणि गाव तुम्हाला शनवार तेली म्हणायचं, हे तुम्हीच आम्हाला वर्गात सांगितलं होतंत. तेव्हा ती चूक दिवसभर उघड्या डोळ्यांनी सोसावी लागली. रविवारी सकाळी तुम्ही छापखान्यात आलात, चपला दाराशी काढल्यात आणि पुस्तिका माझ्यापुढे ठेवलीत.

"ही दुरुस्ती कुणाची?"

"माझी."

"का केलीस?"

"तुमची चूक होती म्हणून."

"माझी असती तर काही बिघडलं नव्हतं," तुम्ही म्हणालात. "तू मोशेला लाल पेन्सिल लावलीस."

आबा कपाळाला हात लावून बसले. मी मात्र अडून राहिले. मी म्हटलं, ही विसंगती आहे, आणि पवित्र पुस्तकात विसंगती राहिली तर लोक सगळंच खोटं समजतील. तुम्ही स्टुलावर बसलात. तुम्हाला राग आला होता, पण तुमचा राग बोलायला लागला की शिकवणं होऊन जायचा.

"तुला पहिल्या वाचनात दिसलं ते हजारो वर्षं हाताने नकला करणाऱ्यांना दिसलं नसेल?"

"मग त्यांनी नीट का नाही केलं?"

"नीट करायचं तर दोघांपैकी एकाला खोटं पाडावं लागलं असतं. ज्याला दमल्यावर आकाश आठवलं त्याला, नाहीतर ज्याला गुलामी आठवली त्याला. तू कुणाला पाडणार होतीस?"

मी म्हटलं, मी कुणाला पाडलं नाही, मी फक्त जुळवलं. त्यावर तुम्ही शाळेतली गोष्ट सांगितलीत. वर्गातली काच फुटली की तुम्ही मुलांना एकेकटं बोलवायचात. प्रत्येकाने थोडं थोडं वेगळं सांगितलं तर तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात. तिघांनी एकाच शब्दांत एकच हकिकत सांगितली की छडी काढायचात, कारण तिघं आधी वडाखाली बसून ठरवून आलेले असायचे.

मला ते पटलं. पटलं म्हणूनच मी उलट विचारलं, "पण मास्तर, तिघांनी तीन वेगवेगळ्या थापा मारल्या तर? साक्षी जुळत नाहीत म्हणजे त्या खऱ्याच, हे कशावरून?"

तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, "पुढच्या आठवड्यात सांगतो."

तो आठवडा काही उजाडला नाही. मी दर वर्षी आठवण करून द्यायची आणि तुम्ही दर वर्षी चहा मागायचात.

पुस्तिकांचं काय करायचं ह्यावर तुम्हीच तोड काढलीत. खरा मजकूर लहान चिठ्ठ्यांवर छापला आणि तुम्ही, मी आणि काकू तुमच्या ओटीवर खळीचं भांडं घेऊन बसलो. मी चिठ्ठीला चारी बाजूंनी खळ लावत होते. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि फक्त वरच्या कडेला बोट फिरवलंत. म्हणालात, "उचलून खालचं वाचता आलं पाहिजे. इतकं लक्ष देऊन कुणी वाचलं होतं, तेही मुलांना दिसू दे." ते वाक्य मला अजून पाठ आहे. परवा हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कसलं काय! खळ संपत आली होती. मीच त्यांना म्हटलं, कडेला लावा." घ्या, मास्तर. इथेही दोन कारणं.

त्यानंतर तुम्ही मला तुमच्याकडचं जुनं मराठी बायबल वाचायला दिलंत आणि त्याचा तुम्हाला पश्चात्तापच झाला असावा. मी एक वही केली. जे जुळत नाही ते त्यात टिपायचं आणि तुम्ही मुद्रित घेऊन आलात की पुढे ठेवायचं. सुरुवातीलाच, सृष्टी घडते तिथे, एकदा जनावरं आधी आणि माणूस शेवटी, आणि पान उलटलं की माणूस आधी. नोहाच्या तारवात प्रत्येक जनावराची एक जोडी घ्यायची, की शुद्ध जनावरांच्या सात? तुम्ही कधी उत्तर द्यायचात, कधी नुसतेच "हं" करायचात. शौल राजाचं मरण तर मी दोन दिवस जपून ठेवलं होतं. एका ठिकाणी तो आपल्याच तलवारीवर पडून मरतो. पुढच्याच पानावर एक परका माणूस येऊन सांगतो की मीच त्याला मारलं.

"तो बक्षिसाच्या आशेने खोटं बोलला असेल," तुम्ही म्हणालात.

"मग त्याचं खोटं पुस्तकात कशाला ठेवलं?"

"खोटं बोलणारी माणसंही त्या दिवशी तिथे होती, म्हणून."

हे उत्तर मी वहीत तुमच्या नावाने लिहून ठेवलं आहे. वहीत माझ्या नोंदी किती आणि तुमची उत्तरं किती हे आता वेगळं काढता येत नाही.

पण एकदा मी तुम्हाला खरोखर दुखावलं. गल्याथ राक्षसाला दावीदाने मारलं, हे आम्हालाही शाळेत ठाऊक होतं, कारण तुमचं नाव दाऊद, म्हणजे दावीदच, आणि ती गोष्ट तुम्ही वर्गात हातवारे करून सांगायचात. मला पुढे एका कोपऱ्यात सापडलं की गल्याथाला एल्हानान नावाच्या कुणीतरी मारलं. मी आनंदाने वाचून दाखवलं. तुम्ही कप खाली ठेवलात. "कुठे आहे हे?" असं विचारलंत, ओळ बघितलीत आणि घरी गेलात. दोन दिवस फिरकला नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणालात, "आहे. हिब्रूतही तसंच आहे." आणि वर, "त्याच्याही पुढच्या एका पुस्तकात कुणीतरी तुझ्यासारखाच लाल पेन्सिल घेऊन बसला होता. तिथे त्याने एल्हानानकडून गल्याथाच्या भावाला मारवलंय." आपण दोघं इतके हसलो की आतून आबांनी काय झालं म्हणून विचारलं. तुम्हाला त्या दोन दिवसांत काय वाटलं हे मात्र मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तुमच्या घरातही हा खेळ चालायचाच. तुमचे पूर्वज गलबत फुटून ह्या किनाऱ्याला लागले, त्यात सात जोडपी वाचली असं तुमच्या आत्याबाई म्हणायच्या. तुमचे वडील म्हणायचे, सात पुरुष आणि सात बायका, जोडपी नव्हेत. मी एकदा विचारलं, मग लग्नं किनाऱ्यावर लागली का? काकूंनी मला पोह्यांची बशी देता देता चापटी मारली होती.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ मी टाळत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

परवा शालोमचं पत्र आलं. त्याला तिकडे इस्रायलला जाऊन बारा वर्षं झाली. त्याचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि त्याने आजोबा फोटोतच बघितले. काकूंच्या आणि तुमच्या जाण्याची कागदपत्रं दोन वर्षांपूर्वी तयार होती आणि तुम्ही गेला नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे. का गेला नाहीत, हे प्रत्येकाला वेगळं माहीत आहे. चिटणिसांना तुम्ही सांगितलंत की प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मी गेलो तर नऊ उरतील. काकूंना सांगितलंत की विमानाची भीती वाटते. शालोम लिहितो, "बाबांनी मला लिहिलं होतं की कुसुम थांबा म्हणाली, म्हणून थांबलो. ताई, मला राग नाही. पण आता बाबा नाहीत, तेव्हा विचारतो. खरं काय झालं ते कळव."

पत्र वाचून मी खुर्चीवर बसले ती बसलेच. कारण मास्तर, मी थांबा म्हणाले नव्हते. मला ती दुपार स्वच्छ आठवते. तुम्ही कागदांचं पाकीट बगलेत घेऊन आलात. गणपत यंत्र चालवत होता, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका चालल्या होत्या. तुम्ही पाकीट टेबलावर ठेवून विचारलंत, "कुसुम, काय करू?" आणि मी म्हणाले, "जा, मास्तर. नातवाला बघा." हेच शब्द. मी शपथेवर सांगेन. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही, पण तुम्हाला जा म्हणाले होते.

मग तुम्ही मुलाला खोटं लिहिलंत? भीती लपवायला माझं नाव पुढे केलंत? मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं फार अवघड असतं, तो कुठे ठेवायचा कळत नाही. तीन माणसांना तीन कारणं, आणि त्यातल्या एकात मी गुन्हेगार. माझ्यामुळे त्या पोराला आजोबा मिळाले नाहीत असं शालोमने जन्मभर समजायचं? मी लगेच उत्तर लिहायला बसले. "मी त्यांना जा म्हणाले होते," असं पहिलंच वाक्य लिहिलं, जाड अक्षरात. आणि तिथे अडले. कारण हे वाक्य पाठवलं की तुम्ही खोटे पडत होतात, आणि तुम्हीच मला विचारलं होतंत की तू कुणाला पाडणार.

तेव्हा तुमच्याच पद्धतीने मी दुसऱ्या साक्षीदाराला एकटं बोलावलं. गणपत आमच्याकडे वीस वर्षं यंत्रावर आहे, करंजाड्याहून रोज चालत येतो. मी विचारलं, "गणपत, मास्तर ते परदेशी जायचे कागद घेऊन आले होते तो दिवस आठवतो?"

"हाय ना ध्यानात. लग्नाच्या पत्रिका चालल्या व्हत्या."

"मी त्यांना काय म्हणाले?"

"तुमी काय बोललाव ते मना नाय माईत, बाय. यंत्राचा आवाज केवडा."

"काहीच नाही ऐकलंस?"

"ऐकला नाय. पन बगितला." त्याने शाईचा हात फडक्याला पुसला. "मास्तरांनी त्यांचा पाकीट टेबलाव ठेवला. तुमी तो बाजूला सारलाव आन् फुडल्या वर्साच्या कॅलेंडरचं कागद त्यांच्या फुड्यात ठेवलाव. वर पेन्सिल ठेवलाव. मास्तर लय येळ त्या पेन्सिलीकडं बगत व्हते. मंग त्यांनी चष्मा लावला."

मला हे अजिबात आठवत नाही. अजूनही नाही. मी रात्रंदिवस ती दुपार उलटसुलट करून बघितली, माझ्या स्मरणात तो कागद कुठेही सापडत नाही. पण गणपतला खोटं बोलायचं कारण नाही. आणि त्या वर्षीच्या कॅलेंडरचं मुद्रित मी माळ्यावरून काढलं, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुमच्याच दुरुस्त्या आहेत. खिरीच्या सणाची तारीख तुम्ही दोनदा तपासली आहे. परदेशी निघालेला माणूस पुढच्या वर्षीचे सण इतक्या निगुतीने तपासत नाही.

तेव्हा मास्तर, तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. मीही खोटं बोलत नाही. मी तोंडाने जा म्हणाले आणि हाताने थांबा. जे मी बोललेच नाही ते तुम्ही बरोबर ऐकलंत आणि मुलाला जसं ऐकलंत तसं कळवलंत. आणि नऊ माणसं उरतील हेही खरंच होतं, आणि विमानाची भीतीही असेलच. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही का देत नव्हता, ते आता थोडं कळतं. वेगवेगळ्या साक्षी खोट्या असू शकतात, असू देत. पण मला मिळालेल्या दोन साक्षींत खोटी कुठलीच नव्हती, फक्त एक साक्ष मीच माझ्याविरुद्ध द्यायची विसरले होते.

मला तुम्ही जायला नको होतात. हे वाक्य मी कुणापुढे म्हटलं नव्हतं, तुमच्यापुढेही नाही. आबा गेल्यानंतर छापखान्याच्या दारात चपला काढून "कुसुम, चहा" म्हणणारं कुणी उरलं नसतं. माझा हा स्वार्थ त्या मुलाच्या आजोबांपेक्षा मोठा नव्हता, मास्तर, आणि तरी तुम्ही तो मोजलात. त्याबद्दल तुमचे आभार मानू की त्या मुलाची माफी मागू, मला समजत नाही. दोन्ही केलं आहे.

आज शालोमला उत्तर पाठवलं. निळ्या हवाई पत्रात आत काही घालायला टपालवाले परवानगी देत नाहीत, म्हणून साधं पाकीट घेतलं. पत्रात पहिलं वाक्य तसंच ठेवलं, की मी त्यांना जा म्हणाले. मग एका वेगळ्या चिठ्ठीवर गणपतने काय बघितलं ते लिहिलं, खाली त्याची सही घेतली, आणि ती चिठ्ठी त्या वाक्यावर चिकटवली. खळ भरपूर होती. लावली फक्त वरच्या कडेला.